खालचा सा

मराठी विभागाची संपादक माझी रूम पार्टनर आहे. "आर्टिकल दे, नाहीतर कपाटात लपवलेली केटल वॉर्डन मॅडमना दाखवते," अशी प्रेमळ विनंती तिच्याकडून आल्यावर मला पळायला जागाच उरली नाही. तेव्हा आधीच सांगून ठेवते, मी कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोललं की दोन रुपये दंड असायचा. त्यामुळे माझं मराठी हे घरातल्या ओट्याजवळ आणि गल्लीतल्या कट्ट्यावर शिकलेलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर दोन रुपये संपादकांकडून घ्यावेत!

आता लिहायचं काय? तर गॅदरिंग झाल्यापासून एक प्रश्न माझ्या मागे लागलाय. मेसमध्ये, लॅबमध्ये, झेरॉक्सच्या लाइनमध्ये कोणीतरी येतं आणि विचारतं, "तू स्टेजवर ते मोठं गिटार वाजवत होतीस ना? व्हिडिओत ऐकूच येत नाही गं!" प्रत्येकाला उत्तर देऊन माझा घसा बसला. म्हणून एकदाच लिहून टाकते. उत्तर जरा लांब आहे, कारण ते मिरजेवरून जातं.

पहिली गोष्ट, ते मोठं गिटार नव्हतं, बेस होता. साध्या गिटारला सहा तारा, बेसला चार. गिटारच्या जाड चार तारांचेच स्वर, ई, ए, डी, जी, पण पूर्ण एक सप्तक खाली. गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण 82 वेळा थरथरते, बेसची 41 वेळा. एवढा खालचा स्वर काढायला तार जाड हवी आणि लांबही हवी. म्हणून नेहमीच्या बेसची तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 34 इंच असते. माझी उंची पाच फूट एक इंच. म्हणजे माझ्या निम्म्याहून जास्त तर नुसती तारच! पहिल्यांदा गळ्यात अडकवला तेव्हा ड्रमर म्हणाला, "बेस उभा आहे, तू कुठे आहेस?"

आमच्या बँडमध्ये गिटारवाले तीन, गाणारे दोन, ड्रमर एक. बेसवाला कोणीच नाही. कारण सरळ आहे. बेसवाल्याचा फोटो कोणी काढत नाही. मी फर्स्ट इयरला ऑडिशनला गेले ती शाळेच्या चॅपलमध्ये सिस्टरांच्या हाताखाली शिकलेल्या गिटारच्या भरवशावर. दोन गाणी ऐकून सीनियर म्हणाले, "चांगलं वाजवतेस, पण गिटारवाले आहेत. बेस आणलास तर तू आत."

बेस आणलास तर... जसं काही मेसमधून चपाती आणायची होती!

घरी विचारायची सोय नव्हती. फी भरून बाबांचा खिसा रिकामा झालेला मी बघत होते. जून महिन्यात सुट्टीला मिरजेला गेले तेव्हा आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या सतारीच्या दुकानात सहज बसले होते. तिथले चाचा मला लहानपणापासून ओळखतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मिरज म्हणजे फक्त रेल्वे जंक्शन नाही. एकोणिसाव्या शतकापासून तिथे तंतुवाद्यं बनतात. मूळचे शस्त्रांचं काम करणारे कारागीर या धंद्यात आले आणि काही घराण्यांचं आडनावच सतारमेकर झालं. पंढरपूरकडून भोपळे येतात, ते वाळवतात, कापतात, तुणीच्या लाकडाची मान बसवतात. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेला राहायला आले, त्यांची कबरही तिथेच दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ अजून रात्र रात्र गाणं चालतं. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

मानांकन मिळालं, पण चाचांच्या दुकानात गिऱ्हाईक कमीच. आधी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, मग मोबाइलमध्ये फुकटात ॲप आलं. चाचा म्हणाले, "बेटा, तू कॉम्प्युटरचं शिकतेस ना? आपल्याला एक वेबसाइट करून दे. बाहेरच्या माणसाला कळायला पाहिजे आपण अजून आहोत."

मी ई अँड टीसीची. पण घरच्यांच्या दृष्टीनं इंजिनिअरिंग म्हणजे कॉम्प्युटर, पंखा आणि मिक्सर, सगळं एकच. मी हो म्हणाले. चाचांनी स्वतःच पैसे ठरवले. दहा हजार आधी, आणि वेबसाइटवरून पहिलं काम आलं की आणखी पाच. गल्ल्यातून नाही, आतल्या खोलीतल्या पत्र्याच्या डब्यातून नोटा काढून त्यांनी मोजून दिल्या. तेव्हा मला त्या डब्याकडे नीट बघायला हवं होतं. मी बघत होते माझ्या डोळ्यांसमोरच्या बेसकडे!

तीन आठवड्यांत वेबसाइट उभी केली. काळी बॅकग्राउंड, सोनेरी अक्षरं, सरकणारे फोटो, 'अवर लेगसी' वगैरे भारी भारी इंग्लिश. कॉन्व्हेंटचा असा उपयोग झाला. आणि कॉलेज सुरू झाल्याच्या पहिल्याच रविवारी मी पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका तिसऱ्या मजल्यावर सेकंडहँड बेस बघायला हजर.

सेकंडहँड बेस कसा बघावा हे मी दहा व्हिडिओ बघून पाठ केलं होतं. एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकायची, मान वाकलीय का बघायचं. सगळी बटणं फिरवायची, खरखर येते का ऐकायचं. बाराव्या पडद्यावर तार दाबून येणारा स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर एक सप्तक वर लागतो का तपासायचं. खुंट्या सैल आहेत का, पडद्यांना तारांनी खाचा पाडल्यात का... यादी माझ्या मोबाइलमध्ये होती. पण विकणाऱ्या दादानं ॲम्प्लिफायर लावला, जाड तार छेडली, आणि खिडकीची काच, टेबलावरचा ग्लास आणि माझी छाती एकदम थरथरली. यादी राहिली खिशात. आयबानेझचा काळा बेस, कव्हर आणि केबलसकट साडेनऊ हजार. मी घासाघीससुद्धा केली नाही. आईला कळलं तर ती मला घरात घेणार नाही.

हॉस्टेलवर ॲम्प्लिफायर नव्हता. पण एक शोध लागला. बेसचं डोकं लोखंडी कपाटाला टेकवून वाजवलं की अख्खं कपाट स्पीकर होतं! हा शोध मी रात्री साडेअकरा वाजता लावला. त्यावर रूम पार्टनरची प्रतिक्रिया या पवित्र अंकात छापण्यासारखी नाही.

दुसराही एक शोध लागला. ॲम्प्लिफायर नसताना ऐकलं तर सहाव्या पडद्यावर बोट ठेवलं की तार खर्रर्र करते. त्या दिवशी मोठ्या आवाजात ते झाकलं गेलं होतं.

आणि तिसरा शोध लागला महिनाभरानं. चाचांची वेबसाइट कोणीच बघत नव्हतं. मी रोज आकडे तपासायचे. आज चार जण. त्यातला एक मी, एक बाबा, एक चाचांचा नातू, आणि एक बहुतेक गुगलचा रोबो. विचारणा शून्य. चाचा फोनवर कधी विचारायचे नाहीत. फक्त म्हणायचे, "बेटा, जेवलीस का?" त्या 'जेवलीस का'नं घास खाली उतरायचा नाही. त्यांच्या डब्यातले पैसे माझ्या कॉटखाली काळ्या कव्हरमध्ये पडले होते, आणि त्यांच्या हाती काय होतं? चार जण!

मग ठरवलं, प्रमोशन करायचं. सोशल मीडिया! आपल्या पिढीला दुसरं येतं काय?

इन्स्टाग्रामवर पेज काढलं. तीस-तीस हॅशटॅग लावले. मित्रमैत्रिणींना 'शेअर कर ना प्लीज' करून इतका त्रास दिला की दोघींनी म्यूट केलं. फोटो टाकले, दहा-बारा लाइक. सगळे म्हणाले, रील टाक, ट्रेंडिंग गाणं लाव, लोकांना हसव.

गणपतीच्या सुट्टीत मिरजेला गेले. दुपारी दुकानात डोकावले तर चाचा भोपळ्यावर डोकं टेकून गाढ झोपलेले. हातात कानस, तोंड थोडं उघडं. एवढं गोड दिसत होतं! मी हळूच शूट केलं, त्यावर घोरण्याच्या आवाजाचं एक चालू गाणं चिकटवलं आणि खाली लिहिलं, 'सबमिशनच्या आदल्या रात्री मी'. 

रात्रीत सहा हजार लोकांनी बघितलं. तीन दिवसांत बावन्न हजार. मी हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये नाचले. अनोळखी मुली ओळखायला लागल्या. आकडे बघण्यात मी इंजिनिअरिंग मॅथ्सचं टर्मवर्क विसरले.

चौथ्या दिवशी जरा शांतपणे हिशेब केला. बावन्न हजारांपैकी पेजवर आले साडेचारशे. इन्स्टावर पोस्टखाली लिहिलेली लिंक दाबता येत नाही, त्यासाठी आधी प्रोफाइलवर जावं लागतं. तिथून वेबसाइटवर गेले सदतीस. विचारणा केली शून्य जणांनी. आणि कॉमेंट? "अंकल ऑफ झाले", "भोपळा आणि भोपळा", आणि अजून काही, जे चाचांच्या वयाच्या माणसाबद्दल लिहिताना हात थरथरायला हवा होता.

संध्याकाळी चाचांचा फोन आला. नातवानं दाखवलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "एका गवयाचा तंबोरा दुसऱ्या दिवशी मैफलीला पाहिजे होता बेटा. दोन रात्री जागलो, म्हणून डोळा लागला." मग थोडं थांबून, "माणसं हसली, चांगलं झालं. पण बाजूच्या तंबोऱ्याकडे कुणी बघितलं का?"

मी सॉरीसुद्धा धड म्हणू शकले नाही. इंग्लिशमध्ये सॉरी किती सोपं आहे, दिवसातून पन्नास वेळा म्हणतो आपण. चाचांना सॉरी म्हणायचं तर ते तोंडातच विरघळलं. "चुकलं चाचा," एवढंच आलं. रील काढून टाकलं. बावन्न हजार एका बोटानं गेले.

त्या रात्री ठरवलं, बेस विकायचा आणि पैसे परत करायचे. बँडला तसं सांगितलं. ते चिडले, पण मी ठाम होते. फक्त विकण्याआधी चाचांना समोर बसून सांगायचं होतं. दिवाळीत बेस पाठीवर टाकून कोयना एक्सप्रेसमध्ये चढले. डब्यातल्या एका आजोबांनी विचारलं, "काय क्रिकेटची किट का?" मी हो म्हणाले. तेवढंच त्यांना समाधान.

चाचांच्या पुढ्यात कव्हर ठेवलं आणि तोंडपाठ केलेलं सगळं एका दमात बोलले. की तुमच्या पैशांनी हे घेतलं, काम झालं नाही, हे विकून परत देते. चाचांनी ऐकलंच नाही. म्हणजे ऐकलं असेल, पण त्यांचे डोळे चेनकडे. "आधी काढ तर बाहेर."

बेस त्यांनी मांडीवर आडवा घेतला. बोटानं लाकडावर टकटक केलं. चष्मा वर करून मानेवरून नजर टाकली, अगदी त्या व्हिडिओतल्यासारखी, फक्त यांनी व्हिडिओ बघितला नव्हता. मग जाड तार छेडली आणि कान लाकडाला लावला. दुकानात लायटिंगची माळ सोडली तर काहीच हलत नव्हतं. तार थांबेपर्यंत ते तसेच राहिले.

"हा तर खालचा सा आहे," ते म्हणाले. "तंबोऱ्याची शेवटची तार. खर्ज."

मी सांगितलं, बँडमध्ये हे कोणाला ऐकू जात नाही, पुढे गाणारा असतो, गिटारवाले असतात. चाचा हसले. "तंबोरेवाल्याला टाळ्या कुणी दिल्या बेटा? तो मागंच बसतो. पण त्यानं हात थांबवला तर पुढच्यानं उभं राहायचं कशावर?"

मग मी सहाव्या पडद्याची खरखर दाखवली. ती ऐकून चाचा इतके हसले की आतून चाची बघायला आल्या. "आयुष्यभर तारेत झंकार आणायचं काम केलं, आणि पोरगी म्हणते झंकार काढा!"

हा विनोद मला समजायला थोडा वेळ लागला. तुम्हालाही सांगते, कारण यात खरी मजा आहे. तंबोऱ्याच्या घोडीचा वरचा भाग सपाट नसतो, त्याला अगदी हलका उतार असतो. तार थरथरताना त्या उतारावर घासत राहते आणि तिच्यातून वरचे वरचे स्वर फुलतात. ती जवारी. हाडाची घोडी कानशीनं केसभर घासायची, तार लावून ऐकायची, पुन्हा घासायची. तारेखाली सुताचा दोरा सरकवला की नेमकी जागा सापडते. 1921 मध्ये सर सी. व्ही. रामन यांनी वीणा आणि तंबोऱ्याच्या याच घोडीवर शोधनिबंध लिहिला होता. तार ज्या ठिकाणी छेडली, त्या जागेमुळे जे स्वर नियमानं यायलाच नकोत, तेसुद्धा या घोडीमुळे येतात, हे त्यांनी दाखवलं. आपण एम-थ्रीला फुरिये सिरीज घोकतो ना, एक मूळ स्वर आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट... ती सिरीज चाचा कानशीनं सोडवतात!

बेसमध्ये मात्र तार पडद्याला घासून चालत नाही. चाचांनी स्टीलची छोटी पट्टी तीन-तीन पडद्यांवर ठेवून बघितली. सातव्यावर ती डुगडुगली. सातवा पडदा केसभर वर आला होता, म्हणून सहाव्यावर बोट ठेवलं की तार त्याला लागायची. लाकडी हातोडीनं चार हलके ठोके, मग पट्टी, मग पुन्हा दोन ठोके. मानेच्या आत लोखंडी सळई असते, पावसाळ्याच्या दमट हवेत मान जरा मागे गेली होती. मी ॲलन की लावून ती सळई सैल करायला गेले, तर चाचांनी हात धरला. "पाव फेरा. मग रात्रभर ठेव. लाकडाला घाई चालत नाही."

सकाळी खरखर गेलेली. मी पैशांचा विषय परत काढला. चाचा म्हणाले, "वाद्य विकून पैसे आणशील तर मी घेणार नाही. काम अर्धं झालंय, पुरं कर." विषय संपला.

मग मी त्यांना विचारलं, जे मी जूनमध्ये विचारायला हवं होतं. चाचा, तुमच्याकडे येणारा माणूस सगळ्यात आधी काय विचारतो? त्यांनी बोटांवर मोजलं. किंमत किती. किती दिवस लागतील. माझ्या पट्टीला कोणता भोपळा लागेल. जुन्या तंबोऱ्याची जवारी करून मिळेल का. पार्सलमध्ये फुटणार तर नाही.

माझ्या सोनेरी वेबसाइटवर यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं! 'अवर लेगसी' होती.

दिवाळीची उरलेली सुट्टी त्यात गेली. सरकणारे फोटो काढले. पांढऱ्या पानावर काळी अक्षरं. मराठी, हिंदी, इंग्लिश, आणि चाचींच्या माहेरच्या मदतीनं कन्नडसुद्धा. किंमत, दिवस, मापं, पार्सल कसं बांधतो त्याचे फोटो. फोन नंबर सगळ्यात वर, मोठा. आणि एक रील केलं, चाचांना विचारून. चाळीस सेकंद. आधी जवारी गेलेला तंबोरा, बोथट, लाकडावर लाकूड आपटल्यासारखा. मग चाचांचे हात आणि कानस. मग तोच तंबोरा, जवारीनंतर. गाणं नाही, विनोद नाही. खाली एकच ओळ, 'इअरफोन लावून ऐका'.

ती ओळ का लिहावी लागली? इथेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. मोबाइलचा चिमुकला स्पीकर 41 काय, त्याच्या दुप्पट-तिप्पट वरचे स्वरसुद्धा धड देऊ शकत नाही. एवढी हवा ढकलायला मोठा पडदा लागतो. मग मोबाइलवर जो थोडाफार बेस आपल्याला जाणवतो तो कुठून येतो? वरचे स्वर ऐकून आपला मेंदू खालचा, न वाजलेला स्वर स्वतः भरून काढतो! म्हणजे ज्यांनी ज्यांनी मला 'व्हिडिओत ऐकू येत नाही' सांगितलं, त्यांनी माझा बेस ऐकलाच नाही, त्यांनी त्याचा अंदाज केला.

ते रील आजपर्यंत एकोणीसशे लोकांनी बघितलंय. बावन्न हजारांपुढे काहीच नाही. पण यावेळी मी ते सगळीकडे फेकलं नाही. गाण्याचे क्लास शोधून एकेकाला वेगळा मेसेज केला, नाव लिहून, नीट नमस्कार करून. साठ जणांना केले. सहा-सात उत्तरं आली. डिसेंबरमध्ये धारवाडच्या एका गायन शिक्षिकेनं वेबसाइटवरून विचारलं, दोन जुने तंबोरे आहेत, जवारी कराल का? जानेवारीत नागपूरच्या एका विद्यार्थ्यानं सतार मागवली. टोरांटोच्या एका मराठी काकूंना मुलीसाठी तंबोरा हवाय, पण पार्सलचा खर्च ऐकून त्या अजून विचार करतायत. बस्स, एवढंच. चाचांचं दुकान काही फॉरेनच्या ऑर्डरनी भरून वाहिलेलं नाही. पण त्यांचा फोन आता दुकानाच्या कामासाठी वाजतो. आणि रील दोन दिवसांत खाली जातं, वेबसाइट मात्र रात्री दोन वाजता कोणाला तरी 'तंबोरा जवारी मिरज' शोधावंसं वाटलं तरी जागी असते, हे मला आता कळलंय. जे शोधत नाहीत त्यांना थांबवून हसवणं सोपं आहे. जे शोधतायत त्यांना सापडणं हे खरं काम.

धारवाडचं काम पोचल्यावर चाचांनी बाबांच्या हाती पाच हजार पाठवले. मी नको म्हणाले तर निरोप आला, "ठरलं म्हणजे ठरलं." त्यातून वेबसाइटचं दोन वर्षांचं भाडं भरून टाकलं. उरलेल्यातून बेसची नवी केबल घेतली. ती मात्र गॅदरिंगनंतर. कारण गॅदरिंगला काय झालं ते आता सांगते.

दुसऱ्या गाण्याच्या मध्येच जुनी केबल तुटली. माझा आवाज बंद. मी बोटं चालवत राहिले, प्रेक्षकांना काही दिसलं नाही. पण त्याच क्षणी ड्रमरनं मान वळवली. मग गिटारवाल्यांनी. गाणारीनं गाता गाता मागे बघितलं, पायाखालची फळी सरकल्यासारखं. समोर नाचणाऱ्या पोरांनाही काय झालं ते कळलं नसेल, पण त्यांचे हात थोडे खाली आले. मिनिटभरानं साउंडवाल्या दादांनी दुसरी केबल आणून लावली, मी जाड तार छेडली, आणि सगळं स्टेज परत जमिनीवर आलं. वर्षभरात पहिल्यांदा चार जणांनी माझ्याकडे एकदम बघितलं, तेही मी वाजत नव्हते तेव्हा!

चाचांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "बघ, मी म्हणालो नव्हतो?" आणि मग, "जेवलीस का?"

यावेळी पोटभर जेवले होते.

ता. क. : वेबसाइटचा पत्ता इथे छापते म्हटलं तर संपादक म्हणाल्या, मराठी विभागात जाहिरात चालणार नाही. ठीक आहे. कोणाच्या आजीचा तंबोरा माळ्यावर पडला असेल तर रूमवर या. बेस ऐकायचा असेल तरी या, पण मोबाइल बाहेर ठेवून. आणि कपाटाला पाठ टेकून बसायची तयारी ठेवा.